नोकरी बदलून इंग्लंडमध्ये गणिताचे शिक्षक होताना : मराठवाड्यातील पदवीधरांसाठी

वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांत, अथवा पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत काही वर्षे काम करून इंग्लंडला गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या मराठवाड्यातील अनेकांच्या मनात एक प्रश्न असतो : गणित आवडते, शिकवण्याची इच्छा आहे, तर तिथल्या शाळेत गणिताचे शिक्षक होता येईल का? होता येते. त्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही, पूर्वीचा व्यवसाय वेगळा असल्याने काही अडत नाही आणि माध्यमिक शाळांना गणिताच्या शिक्षकांची टंचाई गेली अनेक वर्षे जाणवत आहे. मी स्वतः लातूर जिल्ह्यातील असून अभियांत्रिकीची नोकरी सोडून याच वाटेने शिक्षिका झाले. येथील माहिती केवळ इंग्लंडपुरती आहे, कारण स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम व नोंदणीसंस्था स्वतंत्र आहेत.

या वाटेवरचा कागदपत्रांचा भाग वेळखाऊ आहे, पण तो अवघड नाही. आपल्याला चांगले येणारे गणित नव्याने पाहणे मात्र खरोखर अवघड आहे. उत्तर काढता येणे हे एक काम झाले. ते उत्तर तसेच का येते हे तेरा वर्षांच्या मुलाला पटवून देणे हे सर्वस्वी वेगळे काम आहे आणि प्रशिक्षणाची निवड, मुलाखत व पुढची सगळी नोकरी या दुसऱ्या कामावर उभी असते. म्हणून तयारीचा अधिक वेळ तिकडे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी मार्ग ठरवावा

इंग्लंडमध्ये शिक्षकाच्या पात्रतेला क्यूटीएस म्हणतात. पदवीनंतर साधारण एका शैक्षणिक वर्षाच्या प्रशिक्षणाने ती मिळते. बहुतेक अभ्यासक्रमांत तिच्या जोडीला पीजीसीई ही विद्यापीठाची पदव्युत्तर पात्रताही मिळते. परदेशी पदवीधराने शक्यतो दोन्ही देणाराच अभ्यासक्रम निवडावा. नुसत्या क्यूटीएसवर इंग्लंडमध्ये शिकवता येते, परंतु व्हिसाच्या दृष्टीने आणि पुढे अन्य देशांत जायचे झाल्यास पीजीसीईचा उपयोग मोठा आहे. प्रशिक्षण बहुधा सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्यातील किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळांमध्ये, तेही किमान दोन वेगवेगळ्या शाळांमध्ये घालवावे लागतात.

ज्यांनी भारतात बीएड करून गणित शिकवले आहे, त्यांनी हे प्रशिक्षण पुन्हा घेण्याआधी दुसरी शक्यता तपासावी. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातील पात्र व अनुभवी शिक्षकांना गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांसाठी क्यूटीएसकरिता थेट अर्ज करता येतो. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत दहा-दहा वर्षे गणित शिकवलेले, पण बीएड न केलेले अनेक उत्तम शिक्षक आहेत. त्यांना हा थेट मार्ग खुला नाही, मात्र प्रशिक्षणाच्या अर्जात त्या अनुभवाचे मोल निश्चितच होते.

यानंतर व्हिसा आणि पैसा यांचा विचार एकत्रच करावा लागतो. पती किंवा पत्नी कुशल कामगार व्हिसावर असेल आणि आपण त्यावर अवलंबित म्हणून राहत असाल, तर शिकण्याची व काम करण्याची मुभा असते. तरीही शुल्क स्थानिक दराने लागेल की परदेशी दराने, याचे उत्तर संस्थेकडून लेखी घ्यावे. स्थानिक विद्यार्थ्यांसाठी शुल्काची कमाल मर्यादा २०२५-२६ या वर्षी ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क संस्था स्वतः ठरवते आणि ते पुष्कळ अधिक असते. भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याने संस्थेकडे व्हिसा पुरस्कृत करण्याचा परवाना आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. शाळांच्या समूहांनी चालवलेल्या अनेक चांगल्या प्रशिक्षण केंद्रांना विद्यार्थी व्हिसा देता येत नाही. सरकारी शोधसेवेत केवळ व्हिसा देणारे अभ्यासक्रम दाखवण्याची सोय आहे.

शिष्यवेतनाबाबत मोठा गैरसमज आढळतो. गणिताच्या प्रशिक्षणार्थींना मोठी बर्सरी मिळते हे खरे आहे, परंतु ती मुख्यत्वे ब्रिटिश नागरिक, कायम वास्तव्याचा हक्क असलेले आणि तत्सम स्थानिक ठरणारे विद्यार्थी यांच्यासाठी असते. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याने ती मिळेलच असे धरून घरचे सोने किंवा शेत गहाण टाकू नये. शुल्काखेरीज विद्यार्थ्याला दर वर्षासाठी ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते.

निघण्यापूर्वी जमवायचे कागद

हे काम मराठवाड्यात असतानाच उरकावे, कारण परदेशातून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पाठपुरावा करणे फार जिकिरीचे होते. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, हे आधी नीट पाहावे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्यामुळे नांदेड, लातूर, परभणी वा हिंगोलीच्या महाविद्यालयातून त्यापूर्वी पदवी घेतलेल्यांची कागदपत्रे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची असतात. अलीकडच्या काळात अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली आहेत. महाविद्यालय बीडला, आणि ट्रान्स्क्रिप्ट मात्र रायगड जिल्ह्यातून आणायचे, असेही होऊ शकते. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर दुय्यम प्रत विभागीय मंडळाकडून मिळते. लातूर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांसाठी लातूर विभागीय मंडळ, तर उरलेल्या पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळ आहे.

पदवीची तुलना यूके एनिक या संस्थेच्या प्रमाणपत्राने केली जाते. चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीला सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बीएस्सीबाबत प्रत्येक प्रशिक्षण संस्था आपला निर्णय घेते, त्यामुळे अर्जापूर्वी विचारलेले बरे. याखेरीज इंग्रजी आणि गणित या दोन्ही विषयांत तिथल्या जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालान्त परीक्षेच्या, श्रेणी ४ (९ सर्वोच्च) इतकी पात्रता दाखवावी लागते. राज्य मंडळाचे इंग्रजीचे गुण पुरेसे मानायचे की समकक्षता परीक्षा द्यायला लावायची, हेही संस्थाच ठरवते. एका संस्थेने नकार दिला तरी दुसरी मान्य करू शकते.

नावातील फरक हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पारपत्रावर ते शेवटी, लग्नानंतर बदललेले नाव, वडिलांच्या जागी आलेले पतीचे नाव अशा प्रत्येक फरकासाठी विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी जे लागू असेल ते सोबत ठेवावे. मुलांसोबत काम करायचे असल्यामुळे गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी कसोशीने होते. भारतात राहिलेल्या काळासाठी पोलिसांचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले जाते आणि भारतात असताना ते पासपोर्ट सेवेमार्फत मिळते.

शाळेतले गणित पुन्हा शिकावे

मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्यासारख्यांची एक विशेष अडचण आहे आणि तिचा उल्लेख कोणतीही सरकारी पुस्तिका करत नाही. दहावीपर्यंतचे गणित आपण मराठीत शिकलो आणि अकरावीपासूनचे इंग्रजीत. परिणामी कलन, सदिश, सांख्यिकीय वितरणे यांवर आपण इंग्रजीत सहज बोलतो, परंतु लसावि, मसावि, समलंब चौकोन, एकरूप आणि समरूप त्रिकोण, छेद, शेकडेवारी यांवर बोलताना मन मराठीत चालते आणि जीभ अडखळते. दुर्दैवाने माध्यमिक शाळेत शिकवायचे असते ते नेमके हेच गणित. यावर उपाय एकच : अकरा ते सोळा वयोगटाचा तिथला अभ्यासक्रम पहिल्या पानापासून घेऊन प्रत्येक घटक मोठ्याने, इंग्रजीत, कोणाला तरी समजावून सांगण्याचा सराव करावा. घरातील शाळकरी मूल मिळाले तर फारच चांगले.

पद्धतींतले फरकही ओळखीचे करून घ्यावेत. आपण पदावलीसाठी ‘कंचेभागुबेव’ पाठ केले. तिथे ‘बिडमास’ म्हणतात. त्यात आपला ‘चे’ नाही आणि घातांकाला स्वतंत्र जागा आहे. दोन्ही सूत्रांत एकच धोका लपलेला आहे. १० − ३ + २ हे उदाहरण ‘आधी बेरीज, मग वजाबाकी’ असे शब्दशः घेतले तर उत्तर ५ येते, वास्तविक ते ९ आहे, कारण बेरीज-वजाबाकीला समान प्राधान्य असून ती डावीकडून उजवीकडे करायची असते. भागाकार-गुणाकाराचेही तेच. मोठ्या संख्या लाख-कोटींत न वाचता हजार आणि दशलक्षांच्या गटांत वाचाव्या लागतात, स्वल्पविरामाची जागा बदलते. आवर्ती दशांशावर आपण रेघ देतो, तिथे टिंब देतात. छोट्या भागाकाराच्या मांडणीला मुले ‘बस स्टॉप’ म्हणतात. आपल्या जिल्हा परिषद शाळांत तीसपर्यंतचे पाढे म्हणवून घेतले जातात. तिथे बारापर्यंतच्या पाढ्यांची परीक्षा चौथ्या इयत्तेत संगणकावर होते आणि त्यात २५ प्रश्नांपैकी प्रत्येकासाठी सहा सेकंद मिळतात. माध्यमिक शाळेत येणाऱ्या काही मुलांचे पाढे तरीही कच्चे असतात. त्याबद्दल नाराजी दाखवून उपयोग नाही, शिकवण्याची आखणी ते धरूनच करावी लागते.

एक्यूए आणि एडेक्सेल या परीक्षा मंडळांच्या जीसीएसई गणिताला प्रत्येकी ८० गुणांच्या व दीड तासाच्या तीन प्रश्नपत्रिका असतात आणि पहिलीत कॅल्क्युलेटर चालत नाही. आपल्या दहावीच्या गणित भाग १ आणि भाग २ सारखी बीजगणित-भूमितीची फाळणी तिथे नाही, सर्व घटक प्रत्येक प्रश्नपत्रिकेत मिसळून येतात. फाउंडेशन स्तरावर १ ते ५ आणि हायर स्तरावर सर्वसाधारणपणे ४ ते ९ श्रेणी मिळतात. एक्यूए, एडेक्सेल आणि ओसीआर या परीक्षा मंडळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. हायर स्तराच्या निदान दहा-पंधरा तरी घड्याळ लावून सोडवाव्यात आणि नंतर गुणदान योजना वाचावी, कारण पद्धतीला गुण कुठे मिळतात हे तिथेच समजते. केंब्रिज विद्यापीठाशी संलग्न एनरिच या प्रकल्पाचे कूटप्रश्न अवश्य सोडवावेत. विचार करायला लावणारा प्रश्न कसा असतो, ते त्यांतून कळते.

आता मुख्य भाग. दोन तृतीयांश भागिले एक षष्ठांश हे उदाहरण घ्या. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा, उत्तर ४, असे आपण क्षणात सांगतो. वर्गातले मूल विचारते, उलटा का? ‘तसा नियम आहे’ हे उत्तर तिथे पुरत नाही आणि खरे तर कुठेच पुरू नये. फळ्यावर एक लांब पट्टी काढा आणि तिचे सहा समान भाग करा. दोन तृतीयांश पट्टी म्हणजे त्यांपैकी चार भाग. भागाकार विचारतो की या चार भागांत एक षष्ठांश किती वेळा बसतो. मूल बोट ठेवून मोजते आणि चार म्हणते. नियम अजून आलेलाच नाही, उत्तर मात्र आले. मग विचारा, संपूर्ण पट्टीत एक षष्ठांश किती वेळा बसला असता? सहा वेळा. आपल्याकडे पूर्ण पट्टी नाही, तिचा दोन तृतीयांश भागच आहे, म्हणून सहाचे दोन तृतीयांश घ्यायचे. भागाकाराचा गुणाकार झाला तो या ठिकाणी, आणि षष्ठांशातला सहा वर कसा गेला हेही मुलाला स्वतः दिसले. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र कुठून येते, कोणत्याही संख्येचा शून्य घात एक का, अशा प्रत्येक ठिकाणी असे एखादे चित्र किंवा आकृतिबंध स्वतः शोधून वहीत उतरवून ठेवावा. पुढे प्रशिक्षणाच्या वर्षात ही वही फार उपयोगी पडते.

याच्या जोडीला मुलांच्या चुका वाचायला शिकावे. ०.३५ हे ०.७ पेक्षा मोठे आहे असे लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ३५ हे ७ पेक्षा मोठे, हा त्याचा पूर्वीचा अनुभव ते दशांशचिन्हानंतर वापरत असते. ३ + ४ = ७ + २ = ९ असे सलग लिहिणाऱ्याला बरोबर-चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी आज्ञा वाटते. चूक कोणत्या विचारातून आली हे ओळखता आले, तरच ती दुरुस्त करता येते. भारतात असाल तर जवळच्या जिल्हा परिषद किंवा खासगी शाळेच्या मुख्याध्यापकांना विनंती करून काही दिवस सातवी-आठवीच्या गणिताच्या तासांना मागे बसावे आणि मुलांच्या वह्या पाहाव्यात. इंग्लंडमध्ये असाल तर शाळा अनुभवासाठी सरकारी सेवा आहे, तिथून शाळा गाठावी.

अर्ज आणि मुलाखत

अर्ज एकाच राष्ट्रीय संकेतस्थळावरून ऑक्टोबरपासून सुरू होतात आणि एका वेळी चार अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो. जागा भरल्या की अभ्यासक्रम बंद होतात. व्हिसा लागणाऱ्याने डिसेंबरच्या आत अर्ज करावा, म्हणजे पुढच्या कागदांना सवड मिळते. कमाल एक हजार शब्दांचे एक निवेदन लिहायचे असते. त्यात ‘लहानपणापासून शिक्षक होण्याचे स्वप्न होते’ अशी वाक्ये टाळून शाळेत काय पाहिले, कोणत्या मुलाची कोणती अडचण कशी सुटली आणि पूर्वीच्या नोकरीतले काय वर्गात कामी येईल, हे लिहावे. गुणनियंत्रण विभागात सहनमर्यादेच्या मोजमापांवर काम केलेल्या व्यक्तीला स्थूलमान आणि त्रुटिमर्यादा हा घटक कुणाहीपेक्षा जिवंतपणे शिकवता येतो. असे एक ठोस उदाहरण पुरेसे असते.

मुलाखतीत बहुधा दहा ते वीस मिनिटांचा छोटा पाठ घ्यायला सांगतात आणि लेखी गणितही देतात. पाठात जास्त घटक कोंबू नयेत. आपल्याकडच्या शिकवणी वर्गांची सवय असलेले उमेदवार सुंदर अक्षरात फळा भरतात, पण मुलांना काही विचारत नाहीत. अशांची निवड अवघड होते. एक कल्पना, दोन चांगले प्रश्न आणि सर्वांना छोट्या पाटीवर उत्तर लिहून वर धरायला लावणे, एवढे नीट जमले तरी पाठ उत्तम ठरतो. गणिताचा काही भाग विसरला असल्याचे मुलाखतीत दिसले, तर एसकेई नावाचा विषयज्ञानाचा पूरक अभ्यासक्रम करण्याच्या अटीवर प्रवेश देतात. त्यात कमीपणा मानू नये.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न हमखास येतो. एखादे मूल ‘कोणाला सांगणार नसाल तर एक गोष्ट सांगते’ असे म्हणाले तर काय कराल? गुप्ततेचे वचन कधीही द्यायचे नाही, शांतपणे ऐकायचे, खोदून विचारायचे नाही आणि शाळेतील नियुक्त सुरक्षा-प्रमुखांना त्याच दिवशी कळवायचे, हे त्याचे उत्तर आहे. मुलांच्या भल्यासाठी आपण ते मनापासून मानलेले असावे.

प्रशिक्षणाचे वर्ष आणि त्यानंतर

हे वर्ष दमवणारे असते. सुरुवातीला एका तासाच्या पाठाची तयारी करायला तीन-चार तास लागतात आणि शिवाय विद्यापीठाचे निबंध असतात. घरी लहान मुले असतील तर स्वयंपाक, मुलांना शाळेतून आणणे, शनिवार-रविवार यांची वाटणी घरात आधीच बोलून ठरवावी. वर्गात शिस्त आवाज चढवून येत नाही. शाळेचे वर्तनविषयक नियम पाठ करून ते रोज, सर्वांना, सारखेच लावल्याने येते. मुले उच्चारावरून हसतील ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. सावकाश बोलणे आणि नवा शब्द फळ्यावर लिहिणे एवढे केले की काही आठवड्यांत त्यांना आपल्या बोलण्याची सवय होते.

शिक्षक सप्टेंबरपूर्वी शाळा सोडणार असतील तर त्यांना ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. म्हणून बहुतेक जागांच्या जाहिराती जानेवारी ते मे या काळात येतात आणि प्रशिक्षण निम्मे झाले असतानाच नोकरीचे अर्ज सुरू करावे लागतात. सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेर पात्र शिक्षकाचे किमान वार्षिक वेतन ३२,९१६ पौंड आणि अंतर्गत लंडनमध्ये ४०,३१७ पौंड आहे. नोकरी लागल्यावर दोन वर्षांचा नवशिक्षक कालावधी असतो. त्यात पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के तास कमी दिले जातात.

विद्यार्थी व्हिसावर पीजीसीई पूर्ण करणाऱ्याला पदवीधर व्हिसा मिळू शकतो. त्याची मुदत आतापर्यंत दोन वर्षांची होती, परंतु १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती १८ महिन्यांची होत आहे. म्हणजे नवशिक्षकाचा दोन वर्षांचा कालावधी संपण्याआधीच व्हिसा संपेल. यासाठी नोकरीच्या मुलाखतीतच, संकोच न करता, शाळेकडे कुशल कामगार व्हिसा पुरस्कृत करण्याचा परवाना आहे का आणि दुसऱ्या वर्षी ती तो देईल का, हे विचारावे आणि होकार आला तर तो नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी ईमेलवर लेखी घ्यावा.